कर्सिव्ह सर

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे. शाळेच्या आवारात मात्र ते कर्सिव्ह सर. पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवतात. माझा गणित-विज्ञानाचा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून आणि मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेलीच नाही, त्यामुळे त्यांचं इंग्रजी आठवड्याचे सहाही दिवस माझ्याही वर्गात होतं. अशा सरांचा एकेक नमुना प्रत्येक केंद्रात सापडतो. आमच्या वाट्याला आला तो जरा जास्तच वळणदार.

सर मुळात इतिहासाचे बी.ए., त्याआधी डी.एड. त्यांच्या वेळी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत भेटायची, तशी त्यांनाही भेटली आणि दहावीनंतर दोघांनी एकमेकांना फारसा त्रास दिला नाही. पुढे जून २००० पासून राज्यभर पहिलीपासून इंग्रजी आलं. शाळाशाळांत इंग्रजी कुणाच्या गळ्यात बांधायचं याची पंचाईत सुरू असताना सर नव्यानेच रुजू झाले. हेडमास्तरांनी त्यांचा रुजू अहवाल हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “काय अक्षर आहे हो! इंग्रजी यांना देऊन टाका.” अहवाल मराठीत होता. निर्णय मात्र आजतागायत कायम आहे.

त्यामुळे सरांच्या लेखी इंग्रजी म्हणजे आधी अक्षर. भाषा नंतर, वेळ उरला तर. चार रेघी वही नसेल तर पोराला वर्गात जागा नाही. स्मॉल ‘एफ’ वर पण जातो आणि खाली पण जातो, हा त्यांचा पहिला धडा, आणि ‘एफ’चं पोट निळ्या रेघेला टेकलं नाही तर पोराच्या पोटाला चिमटा. हल्ली चिमटा काढता येत नाही, म्हणून ते हवेतच चिमटा काढून दाखवतात. पोरं तेवढ्यानेही पोट आत घेतात. बॉलपेनला सातवीपर्यंत बंदी. तालुक्याच्या हस्ताक्षर स्पर्धेची ढाल आमच्याकडेच मुक्कामाला असते. गावातली अर्धी लग्नपत्रिकांची पाकिटं सरांच्या हातची, ग्रामपंचायतीचा फलक त्यांचा, आणि बँकेतला कॅशियर म्हणतो की तुमच्या शाळेच्या पोराची सही लांबूनच ओळखू येते. हे काही थोडं नाही. ज्यांना सरांची थट्टा करायची असेल त्यांनी आधी स्वतःचा चेक लिहून दाखवावा.

लेखन झालं, आता वाचन. सरांच्या वर्गात वाचन म्हणजे आवाज. पुस्तक डाव्या हातात, उजवा हात पाठीमागे, नजर समोर, आणि शेवटच्या बाकावर ऐकू आलं पाहिजे. आधी सर वाचतात, मग वर्ग वाचतो, मग एकेक जण. “देअर वॉज, होता. अ किंग, एक राजा. ही हॅड, त्याला होत्या. टू वाइव्ह्ज, दोन राण्या.” हे इतक्या ठेक्यात चालतं की भिंतीअलीकडे माझी पोरं त्या तालावर अपूर्णांक सोडवतात. एकदा पावसाळ्यात भर दुपारी अंधारून आलं, वीज गेली, समोरचं माणूस दिसेना. सातवीतला एक पोरगा उभं राहून वाचत होता, तो थांबला नाही. पान उलटल्याचा आवाजही बरोबर जागेवर आला. पुस्तक दिसत नसताना तू वाचतोस कसा, हा प्रश्न सरांच्या मनात आला नाही. ते म्हणाले, “शाब्बास! वाचनात खंड पडता कामा नये.”

स्पेलिंगांचं खातं वेगळं. ती उच्चारायची नसतात, फोडायची असतात. ‘वेड-नेस-डे’, ‘टू-गेट-हर’, ‘बे-आउ-टी-फुल’, आणि सर्वांत लाडकं ‘कनोवलेडगे’. यात नॉलेज कुठे लपलंय हे कुणाला ठाऊक नसतं, पण स्पेलिंग चुकत नाही. आमच्या पोरांची स्पेलिंगं शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या पोरांपेक्षा शुद्ध असतात, हे मी पैजेवर सांगतो. फक्त तो शब्द कुणी तोंडाने म्हटला तर त्यांना ओळखू येत नाही.

निबंध सर फळ्यावर लिहून देतात. कोपऱ्यात तारीख, डावीकडे समास, मधोमध शीर्षक आणि खाली दहा ओळी. पोरं त्या उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत पुन्हा उतरवतात. ‘माय बेस्ट फ्रेंड’मध्ये मित्राचं नाव राहुल आहे, त्यामुळे गेली कित्येक वर्षं आमच्या शाळेतल्या यच्चयावत पोरापोरींचा जिवलग मित्र राहुलच. एका वर्षी वर्गात खरोखरचा राहुल आला. त्यानेही लिहिलं, माय नेम इज राहुल, माय बेस्ट फ्रेंड इज राहुल. ‘माय मदर’चं तेच. सगळ्यांच्या आया हाउसवाइफ आणि पहाटे लवकर उठणाऱ्या. एका मुलीची आई एस.टी.त कंडक्टर. पालकसभेला ती गणवेशातच आली, लेकीची वही उघडली आणि म्हणाली, “सर, मी घरीच असते होय? मग सकाळची सहाची गाडी कोण नेतं?” सर जराही डगमगले नाहीत. “ताई, परीक्षेत कंडक्टरचं स्पेलिंग चुकलं असतं. अर्धा मार्क गेला असता. हाउसवाइफ सेफ आहे.” ताईंनाही ते पटलं. त्यांनी सरांना अर्ध्या मार्काचं तिकीट फाडल्यासारखी मान डोलावली आणि सही केली.

न वाचलेल्या उताऱ्यावरचे प्रश्न ही खरी तर पोराला भाषा किती कळते याची परीक्षा. सरांनी तिच्यावरही तोडगा काढला आहे. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा, तो उताऱ्यात शोधायचा, सापडला की मागच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायचं. हा उपाय इतका रामबाण आहे की एके दिवशी सर रजेवर असताना मी त्यांच्या तासाला गेलो आणि फळ्यावर मनानेच रचून लिहिलं, ‘द ग्लोक वॉज टिपिंग इन द ब्रॉम. द स्लेग्ज वेअर ग्रेटी.’ यातला ग्लोक काय, ब्रॉम काय, इंग्लंडच्या राणीलाही सांगता आलं नसतं. खाली प्रश्न घातले: ग्लोक कुठे टिपत होता? ग्रेटी कोण होते? सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी. एकानेही विचारलं नाही की ग्लोक हा प्राणी की पाहुणा. दुसऱ्या दिवशी सरांनी वह्या पाहिल्या, माझी चेष्टा त्यांना दिसेल म्हणून मी भिंतीशी कान लावून बसलो, तर पलीकडून आवाज आला, “उत्तरं बरोबर आहेत, पण ‘जी’ची शेपटी कुणाचीच वळलेली नाही!”

सर कामचुकार असते तर हे सगळं सोपं झालं असतं. पण शाळेत सर्वांत जास्त वह्या तेच तपासतात, तास सोडत नाहीत, प्रशिक्षणाला पहिल्या बाकावर बसतात. ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने राज्यात ‘तेजस’ प्रकल्प आला, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे गट निघाले, ते महिन्याकाठी जमून एकमेकांशी इंग्रजीत बोलू लागले. अशा बैठकांना सर गेले की नाश्त्यापर्यंत त्यांचं नुसतं “येस, येस” चालायचं. पण बैठकीचं इतिवृत्त लिहायला सगळे त्यांच्याकडेच वही सरकवायचे. कोण काय बोललं ते बाकीचे सांगायचे, सर उतरवायचे. साहेबांना ते इतिवृत्त फार आवडलं म्हणतात.

आणि साहेब तरी काय वेगळं मागतात? २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. त्या नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळतात. ‘इंग्रजी संभाषणात आत्मविश्वासाने भाग घेतो’ हे वाक्य अख्ख्या सातवीसमोर आहे, त्यात जो पोरगा मराठीतही तोंड उघडत नाही तोही आला. पोरं फळ्यावरून उतरवतात, सर पुस्तिकेवरून, केंद्रप्रमुख आमच्या तक्त्यांवरून, आणि पुढे वर कुठेतरी सगळ्याची बेरीज होऊन जिल्हा प्रगत होतो. मध्यंतरी, २०२३-२४ च्या वर्षात, बालभारतीच्या पुस्तकांत प्रत्येक पाठानंतर कोरी पानं आली. मुलांनी नोंदी कराव्यात, स्वतःचं काही लिहावं, असा हेतू. सरांना दोन दिवस झोप लागली नाही. कोऱ्या पानावर रेघा नव्हत्या! तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्या आणवल्या आणि सगळ्या वर्गाकडून त्या पानांवर चार-चार रेघा मारून घेतल्या. रेघा मारून होईस्तोवर सहामाही आली.

आता राहिला रजेचा अर्ज. इंग्रजीतून अर्ज लिहिल्याशिवाय सर रजा मांडत नाहीत, आणि अर्जात कारण एकच: आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर. मामाचं लग्न असो, यात्रा असो, कांद्याची लागण असो, पोराला ताप येतो. गेल्या वर्षी गावात ओळीने सात लग्नं झाली तेव्हा आमची रजेची फाइल पाहून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई रक्ताचे नमुने घ्यायला आल्या होत्या.

दिवाळीनंतर सातवीतल्या एका मुलीने अर्ज दिला. मधल्या सुट्टीत सर तो घेऊन माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला. “हे बघा. हिला ताप नाही.” मी वाचला. ‘माय बफेलो गिव्ह बेबी इन नाइट. फादर नॉट होम. आय होल्ड बॅटरी. मदर पुल. बेबी नॉट कमिंग, देन कमिंग. मॉर्निंग आय स्लीप. सो नो स्कूल.’

“कुठून उतरवलं असेल हो?” सरांनी विचारलं. सगळी गाईडं त्यांनी चाळली होती. कुठेही म्हैस नव्हती.

लाल पेन हातात होतं, पण कुठून सुरुवात करावी ते त्यांना समजेना. प्रत्येक वाक्य चुकीचं आणि सगळं कळत होतं. शेवटी त्यांनी मुलीला बोलावलं. आधी अर्जातलं काही विचारलंच नाही. म्हणाले, “पायाळू होतं काय गं?” ती म्हणाली, “व्हय सर, मागचे पाय आधी आलते.” मग सर खुर्ची ओढून बसले. त्यांच्या घरीही दोन म्हशी आहेत. बॅटरी कुणी धरली, चुलता का आला नाही, चीक किती निघाला, जगलं ना, रेडा की रेडी, सगळं निघालं. घंटा झाली तरी दोघांचं चाललेलंच. त्या दिवशी माझ्या वर्गाला अपूर्णांकासाठी ताल मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो अर्ज दुरुस्त केला. रात्रभर बसले होते म्हणे, डिक्शनरी घेऊन. ‘गिव्ह’चं ‘गेव्ह बर्थ’ केलं, ‘सो नो स्कूल’च्या जागी ‘देअरफोर आय कुड नॉट अटेंड द स्कूल’ आलं, बाकी म्हैस, बॅटरी, आई सगळं ठेवलं. आणि मग आनंदाच्या भरात त्यांनी तो अख्खा अर्ज फळ्यावर लिहिला, समास सोडून, शेपट्या वळवून, चौकटीत. वर्गाने तो उतरवून घेतला. पाठ केला.

महिनाअखेर केंद्रप्रमुख भेटीला आले आणि रजेची फाइल चाळू लागले. चाळता चाळता त्यांनी खुर्चीत बसण्याची पद्धत बदलली. गावात ताप उरलाच नव्हता. तीन आठवड्यांत सातवीच्या एकोणीस घरी म्हशी व्यायल्या होत्या, सगळ्या रात्रीच, आणि दर घरी वडील नेमके बाहेरगावी. त्यातली एक शिक्षक कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर.

केंद्रप्रमुखांनी चष्मा पुसला, फाइल हेडमास्तरांकडे सरकवली आणि विचारलं, “डेअरीला कळवलंय का?”