एका माणसाचं वाणसामान

बाजाराचा सगळा हिशेब चार माणसांचा असतो. मेथीची जुडी चौघांची, पावाची लादी चौघांची, कोबीचा गड्डा चौघांचा आणि घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस तर आल्यागेल्या पाहुण्यांसकट सगळ्यांचा. एकटा राहणारा माणूस पिशवी घेऊन मंडईत शिरला की आपण पाव गिऱ्हाईक आहोत हे त्याला लगेच कळतं. "मावशी, अर्धी जुडी द्याल का?" असं विचारून पाहा. मावशी जुडीकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात. त्या बघण्यात भावाची घासाघीस नसते, लग्नाची चौकशी असते.

त्यातून काटकसरीचा जो उपदेश आपल्याला घरून मिळतो, तोही चौघांच्याच मापाचा. "सुटं घेऊ नकोस, महाग पडतं. एकदम पाच किलो घेऊन टाक." आईचं गणित चुकीचं नाही, फक्त त्यात खाणारी तोंडं गृहीत धरलेली आहेत. पाच किलो रवा एकट्याच्या घरी आला की पहिल्या आठवड्यात उपमा होतो, दुसऱ्या आठवड्यात शिरा होतो, मग रव्याचा कंटाळा येतो आणि डबा वरच्या फळीवर जातो. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा आत जाळी धरलेली असते आणि पोरकिडे सुखाने नांदत असतात. घाऊक खरेदीचा पुरेपूर फायदा त्या घरात कोणाला झाला असेल तर त्यांना. त्यांची एकत्र कुटुंबपद्धती अजून शाबूत आहे.

यावर उपायही घरूनच येतात. रवा भाजून ठेवावा, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावावा, तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालावा. उपाय चांगले आहेत आणि लागूही पडतात. पण संध्याकाळी दमून घरी आलेल्या माणसाने तुरीला एरंडेल चोळत बसावं आणि त्यातून किलोमागे चार-पाच रुपये वाचवावेत, हे दृश्य मला काटकसरीपेक्षा वैराग्याच्या जवळचं वाटतं.

हल्ली पाकिटावर एमआरपीच्या शेजारी एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पैसे पडतात तेही छापावं लागतं. अक्षर बारीक असतं, पण चष्मा चढवून वाचण्यासारखं असतं. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असं नाही, हे तिथे कळतं. शाम्पूचंच बघा. कितीतरी वेळा छोट्या पुडीतला शाम्पू बाटलीतल्यापेक्षा मापाला स्वस्त पडतो. म्हणजे न्हाणीघरात तरी एकट्या माणसाला न्याय आहे. स्वयंपाकघरात मात्र हा छापील आकडा अर्धंच सांगतो, कारण तो विकत घेतलेल्या ग्रॅमचा असतो, पोटात गेलेल्या ग्रॅमचा नसतो. वीस रुपयांची कोथिंबीर अर्धी कुजून गेली की उरलेली अर्धी चाळीस रुपये जुडीच्या भावाने खाल्लेली असते. हे कोणी छापत नाही.

म्हणून मी वाण्याकडच्या पुडीचा पक्षपाती झालो आहे. पन्नास ग्रॅम मोहरी, पाव किलो मूगडाळ, शंभर ग्रॅम शेंगदाणे. पुडीवर संसार करणं आपल्याकडे ओढगस्तीचं लक्षण मानतात. महिन्याची यादी एकदम भरणारं घर ते खरं घर. आमचे शेठ सुरुवातीला पुडी बांधताना "एवढंच?" असं अशा सुरात विचारायचे की मला उगाच दोन साबणाच्या वड्या जास्त घ्याव्या लागायच्या. ते मात्र वाया गेलं नाही. साबण हा एकट्या माणसाने खुशाल घाऊक घेण्याचा जिन्नस आहे. वेष्टन काढून फळीवर वाळवत ठेवला तर तो कमी झिजतो, आणि शेवटी उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवता येते. मीठ, साखर, कपड्यांची पावडर यांचंही तसंच. जे नासत नाही ते पोत्याने, जे नासतं ते पुडीने. गॅसचाही पाच किलोचा धाकटा सिलिंडर मिळतो. किलोमागे तो महागच पडतो, पण पत्त्याचा पुरावा मागत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हा पुरावा पैदा करायला काय पडतं ते हिशेबात धरलं तर तो स्वस्तच म्हणायचा.

पोळ्यांबाबत माझं आणि आईचं एकमत होणार नाही. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून तीन पोळ्या आणणं तिला उधळपट्टी वाटते. दोन माझ्या जेवणाच्या, तिसरी सकाळच्या फोडणीच्या पोळीसाठी. शिळं उरावं म्हणून ताजं जास्त आणायचं, हे चौघांच्या घरात कधी कोणाला सुचलं नसतं. तिथे ते आपोआप उरतं.

बाकी घाऊकीचा फायदा घ्यायचा कसा, या प्रश्नाची दोन उत्तरं मुंबईने १९७५ सालीच काढून ठेवली आहेत. त्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. कुटुंबांचे संघ करायचे, मागणी एकत्र नोंदवायची, मधले दुकानदार टाळून माल थेट संघात आणायचा आणि वाटून घ्यायचा. हे घरांचं उत्तर. त्याच वर्षी प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणगावात घरच्या घरी खाणावळ चालवणाऱ्या बायकांचं. वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीतून सुटण्यासाठी या बायकांना बँकेची कर्जं मिळवून देण्यापासून त्यांनी सुरुवात केली. या बायकांकडे जेवणारे गिरणी कामगार कोकणातून, घाटावरून एकटे आलेले. बायकापोरं गावी आणि इथे एका खोलीत पाळ्या लावून झोपायचं. धान्य बाई घ्यायची, चूल बाईची, आणि महिनाअखेर हिशेब चुकता करायचा. एकट्या माणसाला घाऊकीचा फायदा मिळतो तो पोतं घरी आणून नव्हे, पोतं जिथे आहे तिथे जाऊन पंगतीला बसल्यावर. त्या कामगारांच्या रव्याला पोरकिडे लागायची भीतीच नव्हती.

मी तेवढं जमवू शकलेलो नाही. पण समोरच्या काकूंबरोबर मेथीची जुडी निम्मी करायचा करार झाला आहे. जुडी मी आणायची, निम्मे पैसे त्यांनी द्यायचे. पैसे त्या देतात, आणि संध्याकाळी त्याच मेथीची लसूण घातलेली परतलेली भाजीही वाटीतून पाठवतात. "अरे, तू एकटा काय करत बसणार!" मग माझ्या वाट्याची निम्मी जुडी फ्रिजमध्ये पिवळी पडते आणि शिवाय प्रश्न उरतो वाटीचा, कारण रिकामी वाटी परत द्यायची नसते. एकदा मी तीत बेदाणे घालून दिले आणि मेथीत वाचलेले पैसे तिथल्या तिथे फिटले. आता नुसती साखर घालून देतो. ती मात्र मी पाच किलोचीच घेतो.