विंचवाचं बिऱ्हाड, साडेतीन टन

अ‍ॅडलेडच्या उत्तरेकडच्या आमच्या गल्लीत शनिवारी सकाळी ग्राइंडर किंचाळायला लागला की समजायचं, शेजारी वाळवंटात निघाला. निघाला म्हणजे अंगणात आला. आठवडाभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करणारा हा प्लंबर शनिवार-रविवार स्वतःच्या गाडीत जिथे म्हणून मोकळी जागा दिसेल ती तुंबवत असतो. नऊ वर्षांत त्याला माझं नाव धड उच्चारता आलेलं नाही, म्हणून तो मला ‘मेट’ म्हणतो. सूड म्हणून मीही त्याला मेटच म्हणतो.

मेटकडे यूट आहे. पुढे मोटार आणि मागे उघडा ट्रे. आपल्याकडे पहाटे मंडईत टोमॅटोचे क्रेट उतरवणारा पिकअप असतो ना, त्याचाच हा परदेशी स्थायिक झालेला आणि थोडा शेफारलेला चुलतभाऊ. या वाहनाचा जन्म एका शेतकरणीच्या पत्रातून झाला असं इथे सांगतात. व्हिक्टोरिया राज्यातल्या त्या बाईने फोर्ड कंपनीला लिहिलं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी करा. लू बँट नावाच्या तरुण अभियंत्याने ती आखली आणि 1934 मध्ये जिलाँगच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. मेट चर्चला जात नाही आणि डुकरं पाळत नाही. त्यामुळे त्याच्या ट्रेला रविवारीही काम नव्हतं आणि सोमवारीही. रिकामा ट्रे आणि रिकामा रविवार एकत्र आले की काय होतं, ते मी नऊ वर्षं कुंपणावरून पाहतो आहे.

हा प्राणी एकटा नाही. ऑस्ट्रेलियात कुठल्याही उपनगरात दहा घरं मोजा, एका अंगणात तो सापडेल. पायांत धुळकट बूट, कानामागे पेन्सिल, हातात टेप. त्याच्याशी हवापाण्याचं बोलायला जाऊ नये. ‘आज ऊन बरंय’ म्हटलं की तो सोलर पॅनेलचे वॉट सांगतो. ‘आज थंडी आहे’ म्हटलं की लिथियम बॅटरी थंडीत चार्ज कशी होत नाही ते सांगतो. एकदा मी नुसताच खोकलो, तर त्याने मला कॅनोपीचे, म्हणजे ट्रेवरच्या बंद पेटीचे, रबरी सील दाखवले. बुलडस्ट म्हणजे तिकडची मैद्यासारखी धूळ, ती कुठून कुठून शिरते आणि ती अडवायला आतला हवेचा दाब कसा वाढवायचा, यावर अर्धा तास गेला. खोकल्याला मात्र त्याच्याकडे काही नव्हतं. औषधांची पेटी सर्वांत खालच्या ड्रॉवरमध्ये होती आणि त्या ड्रॉवरसमोर स्वयंपाकघर बसवलेलं होतं.

तर हे स्वयंपाकघर. आधी ट्रेवर फक्त एक स्वॅग होता. स्वॅग म्हणजे आपली वळकटी. माझे आजोबा असल्याच वळकटीत पितळी तांब्या खुपसून काशीला जाऊन आले होते, हे मी मेटला सांगितलं. त्याने आदराने मान डोलावली आणि विचारलं, ‘तांब्या किती लिटरचा?’ मग वळकटीवर पाऊस पडू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियमची कॅनोपी आली. कॅनोपी आली म्हणून तिच्यात चाळीस लिटरचा फ्रीज आला, फ्रीज आला म्हणून दुसरी बॅटरी, बॅटरीसाठी चार्जर, चार्जरसाठी पॅनेल. मग हे सगळं चालू आहे का ते दाखवणारा एक पडदा आला. तो अंधारात निळा उजळतो आणि मेट त्याच्याकडे समईकडे पाहावं तसा पाहत बसतो.

उलगडणारं छत आलं तेव्हा चाचणी म्हणून त्याने अंगणातच मुक्काम ठेवला आणि आम्हाला जेवायला बोलावलं. हे छत गाडीभोवती दोनशे सत्तर अंशांत पंख्यासारखं उघडतं. त्यातले साठेक अंश आमच्या हद्दीत उघडले आणि दोरीवरच्या साड्या सावलीत गेल्या. ‘अहो, त्यांना म्हणावं वाळवंटात कपडे वाळवू,’ ही म्हणाली. जेवण उत्तम झालं. अकराच्या सुमारास गारठा पडल्यावर मेट घरात जाऊन झोपला. गाडी रात्रभर बाहेर एकटीच कॅम्पिंग करत होती.

त्याला जायचं आहे सिम्पसन वाळवंटात. लाल वाळूच्या अकराशेहून जास्त टेकड्या, एकीला एक समांतर, आणि पलीकडे बर्ड्सव्हिल हे गाव. या वाळवंटाला नाव मिळालं ते आल्फ्रेड अ‍ॅलन सिम्पसन या अ‍ॅडलेडच्या कारखानदाराचं. त्याची कंपनी पुढे धुलाईयंत्रांसाठी घरोघरी ठाऊक झाली. पाण्याचा टिपूस नसलेल्या प्रदेशाला वॉशिंग मशीनवाल्याचं नाव, यातला विनोद मेटला कळत नाही. तो फक्त विचारतो, यंत्र बारा व्होल्टवर चालेल का.

अडचण वेळेची आहे. उन्हाळ्यात, 1 डिसेंबर ते 15 मार्च, उष्म्यामुळे हे वाळवंट प्रवाशांना बंद असतं. उरलेल्या साडेआठ महिन्यांत मेटची गाडी बंद असते. वाळवंट उघडतं तेव्हा कॅनोपी उघडलेली असते, आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात सगळे स्क्रू आवळून तो समाधानाने म्हणतो, ‘आता निघायला हरकत नाही.’

मागे मी त्याला टॉम क्रूझची आठवण करून दिली. सिनेमातला नव्हे. हा 1936 पासून मरी ते बर्ड्सव्हिल असं पाचशे किलोमीटरांवर टपाल पोचवणारा ट्रकवाला. लेलँड बॅजर ट्रकच्या उघड्या पाठीवर टपालाच्या थैल्या, पिठाची पोती आणि एखाददुसरा प्रवासी एकत्र लादायचा, आणि वाळूत चाक रुतलं की खाली लोखंडी पत्रे टाकून गाडी काढायचा. मेटने लगेच आपल्या नारिंगी प्लास्टिकच्या पट्ट्या दाखवल्या. काम तेच, वजन कमी. एकदाही न रुतलेल्या त्या पट्ट्या महिन्यातून एकदा धुवून उन्हात ठेवलेल्या असतात.

मला विचाराल तर त्याचे खरे पूर्वज बर्क आणि विल्स. 20 ऑगस्ट 1860 रोजी त्यांची मोहीम मेलबर्नहून खंड ओलांडायला निघाली, बरोबर सुमारे वीस टन सामान. त्यात ओकचं टेबल, दोन खुर्च्या, अग्निबाण आणि एक चिनी घंटा. उंट आणले कराचीहून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे या वेडाला थोडा हातभार आपणही लावला आहे. एक गाडी तर निघण्यापूर्वीच मोडली आणि मध्यरात्रीपर्यंत स्वारी जेमतेम एसेंडनला पोचली. आज ते मेलबर्नचं उपनगर आहे. पुढे त्या दोघांचं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नाही. पण ही गोष्ट ऐकून मेट बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘टेबल घडीचं होतं का?’

वजन हे त्याचं खरं दुखणं. गाडीला कायद्याने साडेतीन टनांची मर्यादा आहे आणि रिकामी गाडीच सव्वादोन टनांची. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. डिझेल त्याहून हलकं, पण जास्त लागतं. प्रत्येक वस्तूचं वजन तो एका तेलकट वहीत लिहितो, चमचेसुद्धा. एकदा सगळं भरून तो वजनकाट्यावर गेला. काटा म्हणाला, एकशे ऐंशी किलो जास्त. दोन दिवस त्याच्या घरात सुतक होतं. वहीतली प्रत्येक वस्तू अत्यावश्यक निघाली, तेव्हा नाइलाजाने त्याने स्वतः कमी व्हायचं ठरवलं. बिअर सोडली, पाव सोडला, चार किलो उतरले. मोकळ्या झालेल्या चार किलोंत त्याने कॉफीचं यंत्र बसवलं.

या सगळ्यात वहिनी, म्हणजे मी मनातल्या मनात जिला वहिनी म्हणतो ती त्याची बायको, एका जूनमध्ये बहिणीला घेऊन आपल्या छोट्या मोटारीतून कूबर पेडीला जाऊन आली. साडेआठशे किलोमीटर, थेट डांबरी रस्ता, एक बॅग, एक थर्मास. जमिनीखालच्या घरात दोन रात्री राहिली, ओपल पाहिले आणि नवऱ्यासाठी फ्रीजवर लावायचा एक लोहचुंबक आणला. मेटने तो मोठ्या कौतुकाने कॅनोपीवर लावला. कॅनोपी अ‍ॅल्युमिनियमची. चुंबक खाली पडला.

गेल्या महिन्यात त्याने गाडी विकली. ‘मांडणी चुकली होती, मेट. फ्रीज डावीकडे हवा होता.’ जाहिरात मी वाचली. ‘वाळवंटासाठी संपूर्ण सज्ज’ आणि खालच्याच ओळीत ‘कच्च्या रस्त्यावर एकदाही नेलेली नाही’. दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी होती आणि गाडी चार दिवसांत गेली.

परवा नवी आली. मागे फक्त कोरा ट्रे, या खेपेला पोलादी. संध्याकाळी त्याने मला हाक मारली. ट्रेच्या कडेवर पाय सोडून आम्ही दोघे चहा पीत बसलो. मागे काही नव्हतं, वर काही नव्हतं, फक्त अंधारत जाणारं आकाश आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं. इतक्या वर्षांत मेटला मी एवढा गप्प आणि एवढा खूश कधी पाहिला नव्हता. मग त्याने खिशातून टेप काढला.

‘मेट, तू बसलायस ना, तिथे फ्रीज येणार. जरा सरक.’

मी सरकलो. तेवढ्यात वहिनी बाहेर आली आणि काही न बोलता तिने तो कूबर पेडीचा चुंबक ट्रेच्या लोखंडाला टेकवला. खट्कन चिकटला. मेटने तो ओढून काढला, तळहातावर तोलून पाहिला, परत लावला आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: वीस ग्रॅम.