शून्य-कचरा कोजागिरी

आश्विन पौर्णिमेला वरुडात गच्चीवर साजरी होणारी कोजागिरी ही घरगुती कचरा कमी करण्याची आदर्श पद्धत होय. तिचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा पेल्याचा. मांडणीवरचे, आजीचे नाव कोरलेले स्टीलचे पेले या रात्री हलवले जात नाहीत, वापराने झिजतात. आटीव मसाला दूध कागदी कपात दिले जाते. कपावर हिरवे पान छापलेले असते. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, पण तो दुधामुळे दिसत नाही.

दुसरा टप्पा पाण्याचा. पेले विसळावे लागत नसल्याने पाणी वाचते. भूजलाच्या अतिउपशासाठी नाव झालेल्या या संत्र्याच्या तालुक्यात ही बचत मोलाची. शेकडो फूट खोल बोअर मारताना तेवढाच मनाला आधार.

तिसरा टप्पा विल्हेवाटीचा. पूर्वी पळसाची पत्रावळ उकिरड्यावर कुजून खत होई, म्हणजे कचरा घरच्याच मालकीचा राही. आता कप पिशवीत भरून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ठेवतात. कंपाउंडबाहेरचा कचरा घरगुती धरला जात नसल्याने घरगुती कचरा शून्यावर येतो. प्लास्टिक पिशव्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असल्याने गाठ जरा घट्ट मारतात.

मध्यरात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारत फिरते, अशी श्रद्धा आहे. तोवर गच्चीवर सामसूम झालेली असते. प्लॉटवर एक गाय मात्र जागी असते. तिच्या तोंडात हिरवे पान असते. छापलेले.