एकूण दर्शक

लग्नाला माणसं किती आली हे आमच्याकडे डोकी मोजून ठरत नाही, पानं मोजून ठरतं. डोक्यांचा भरवसा नाही. अक्षता टाकून न जेवता सटकणारे असतात, तसेच मुलाकडचेही नाहीत नि मुलीकडचेही नाहीत, पण बासुंदीच्या वेळी बरोबर हजर, असेही असतात. म्हणून केटररशी हिशेब ताटावर. आमचे अण्णाकाका या हिशेबातले जाणकार. घराण्यातल्या कुठल्याही कार्यात स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून ते बसलेले असत आणि केटररचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळेपर्यंत उठत नसत. त्यामुळे १९९८ साली मी आमचा कुलवृत्तांत इंटरनेटवर चढवला, तेव्हा त्यांनी मजकुराबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "किती पानं उठली, हे कळणार कसं?"

तेव्हा फुकटात बिऱ्हाड करायला जिओसिटीज होतं. तिथे वस्त्या असत. संगणकवाल्यांनी सिलिकॉन व्हॅलीत राहायचं, उडत्या तबकड्यांवर विश्वास असणाऱ्यांनी एरिया ५१मध्ये, शिक्षण-साहित्यवाल्यांनी अथेन्समध्ये. वस्ती निवडायची, रिकामा घरक्रमांक बघायचा आणि सामान टाकायचं. अशा रीतीने कोकणातून घाटावर येऊन पुण्यात स्थिरावलेलं आमचं घराणं अथेन्सला राहायला गेलं. ज्याच्या संगणकावर आमचा फॉन्ट नसे, त्याला मूळपुरुषाच्या नावाच्या जागी दोन स्वल्पविराम, एक डॉलर आणि एक उद्गारचिन्ह दिसे. पण तोही पाहुणाच. त्याचंही पान धरायचं होतं.

त्यासाठी काउंटर होता. काळ्या पट्टीवर हिरवे आकडे, मोटारीच्या किलोमीटरसारखे सरकणारे. दिसायला मोठं यंत्र वाटे, आत प्रकार अगदी किरकोळ. तो आकडा म्हणजे एक चित्र. कुणी पान उघडलं की त्याचा ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे ते चित्र मागतो. तिथला छोटा प्रोग्राम एक फाइल उघडतो, आत ४१२ लिहिलेलं असतं, ते खोडून ४१३ लिहितो आणि ४१३चं चित्र पाठवून देतो. संपलं. कोण आलं, वाचलं की नाही, जेवला की नुसताच हात धुऊन गेला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दोघं अगदी एकाच क्षणी आले तर दोघांनाही ४१२ दिसायचे, दोघंही ४१३ लिहायचे आणि एक पाहुणा हवेत विरायचा. प्रोग्राम फारच गबाळा असला तर अशा झटापटीत फाइलच रिकामी व्हायची आणि काउंटर पुन्हा एकापासून मोजायला लागायचा.

सुरुवातीचा आकडा मात्र आपण ठरवायचा. अण्णा म्हणाले, "शून्यावरून कसला आरंभ करतोस? एकशे एक टाक. शुभ असतं." टाकले. संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना फोन गेले की पहिल्याच दिवशी शंभरावर माणसं येऊन गेली.

मग अण्णा रोज आमच्याकडे येऊ लागले. मोडेम कोकलायचा, घरचा फोन तासभर अडकायचा, आई कपाळाला हात लावायची. आपण पान उघडलं की आपलाही एक वाढतो, हे अण्णांच्या फार लवकर ध्यानात आलं. रिफ्रेशचं बटण कुठे असतं तेही. मी म्हटलं, "अण्णा, स्वतःलाच मोजू नका."

"का? मी माणूस नाही का?"

याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

खरी मजा आली ती थोरल्या पातीमुळे. आम्ही धाकटी पाती. ठाण्याच्या थोरल्यांनी आपलं वेगळं संकेतस्थळ काढलं आणि त्यांचा काउंटर पहिल्याच दिवशी पाच हजारांवर. "पाच हजार?" अण्णा ओरडले, "त्यांच्याकडे बाळंतिणीसकट माणसं सतरा!" वर त्यांनी खाली ठळक अक्षरांत लिहिलं, महिन्याला अकरा हजार हिट्स.

मग मला अण्णांना हिट समजावून सांगावी लागली. पान उघडताना सर्व्हरकडे जितक्या वस्तू मागितल्या जातात, तितक्या हिट्स. मजकुराची एक आणि पानावर दहा फोटो असतील तर त्यांच्या दहा. माणूस एक, हिट्स अकरा. अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांना लख्ख दिसलं. "म्हणजे लिंबाची फोड हा एक पाहुणा. मीठ हा दुसरा. चटणी तिसरा. पापड मोडला तर दोन!" एवढं अचूक मला कुठल्या पुस्तकानंही सांगितलं नव्हतं. फक्त या ज्ञानाचा त्यांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. थोरल्यांची लबाडी उघडी पाडायचं बाजूला राहिलं. त्यांनी मला पणजोबांच्या फोटोचे सोळा तुकडे करायला लावले. तेव्हा मोठी चित्रं तशी कापून जोडायची पद्धत होतीच. त्या फोनलाइनवर पणजोबा हप्त्याहप्त्यानं येत. आधी पगडी, मग कान, मग मिशीची एक बाजू. लाइन तुटली तर ते हनुवटीवाचून राहत. पण हिट्समध्ये आम्ही ठाण्याच्या पुढे गेलो.

पुढे पैसे भरून स्वतःच्या नावाची जागा घेतली, तेव्हा सर्व्हरची रोजची वही हाती आली. येणाऱ्याचा आयपी पत्ता, वेळ, कुठल्या दुव्यावरून आला, कुठला ब्राउझर. आता हिट्स गेल्या, 'युनिक व्हिजिटर' आले. एका पत्त्यावरून दिवसात कितीही वेळा आलात तरी एकच. अण्णांच्या रिफ्रेशची ताकद एका रात्रीत संपली. दिवाळीत सगळं घराणं जमलं, एका संगणकाभोवती दाटीवाटीनं उभं राहून सर्वांनी कुलवृत्तांत बघितला, दोन आत्या आपली जन्मसालं छापल्यावरून चिडल्यासुद्धा. वहीत नोंद झाली: दर्शक १.

मात्र त्याच वहीत अण्णांना एक वाचक सापडला. रात्री तीनला अमेरिकेतून कुणीतरी येई आणि पहिल्या पिढीपासून शेवटच्या तळटिपेपर्यंत सगळं चाळून जाई. अण्णांना भरून आलं. "न्यू जर्सीचा बंड्या. त्याला मुळांची ओढ आहे." मी नाव बघितलं. गूगलबॉट. त्याच्या मागोमाग याहूचं एक यंत्र येई, त्याचं नाव तर स्लर्प. जणू त्याला आमच्या अकरा पिढ्या वाटीतून ओरपूनच जायचं होतं.

"म्हणजे माणूस नाही?"

"यंत्र आहे, अण्णा. शोधयादीसाठी पानं वाचत फिरतं."

"सगळं वाचतं?"

"अक्षर न् अक्षर."

"मग बंड्यापेक्षा बरं."

नोव्हेंबर २००५मध्ये गूगलनं आपलं ॲनालिटिक्स फुकट खुलं केलं आणि इतकी झुंबड उडाली की आठवड्याच्या आत नवी नोंदणी थांबवावी लागली. यथावकाश आम्हीही आत शिरलो. इथे आलेख होते, नकाशे होते, माणूस किती वेळ थांबला हेही होतं. पण ती वेळ काढायची रीत अशी: पहिलं पान उघडलं ती वेळ आणि पुढचं उघडलं ती वेळ, यातली वजाबाकी. पुढचं पान उघडलंच नाही तर वजा कशातून करणार? म्हणून शून्य सेकंद. शिवाय तुमच्या नावापुढे 'बाउन्स' असा शेरा. अण्णा तर कुलवृत्तांताचं एकच पान उघडून, भिंग लावून, प्रत्येक चुलत आजोबांपाशी थांबून, दुपारचा चहा येईपर्यंत वाचत. अख्ख्या जगात आमचं पान शब्दन् शब्द वाचणारा हा एकमेव मनुष्यप्राणी, आणि त्याची हजेरी शून्य सेकंद. बँकेत हयात काढलेल्या अण्णांना शून्याचं फार लागलं नाही, शेऱ्याचं लागलं. "उभ्या आयुष्यात माझा एक चेक बाउन्स झालेला नाही," असं ते तीन-तीनदा म्हणाले.

मला त्या जुन्या हिरव्या आकड्यांबद्दल अजून आदर आहे. ते मूर्ख होते, पण उघड होते. मोजलेला माणूस मोजलेलं बघू शकत होता. आपण आठशे सत्तावन्नावे, एवढं तरी त्याला कळे. आताचं मोजणं पडद्यामागे चालतं. आपण कुठल्या गावचे, कुठल्या फोनवरून आलो, कुठे बोट थबकलं, सगळं त्यांना ठाऊक. आपल्याला आपला नंबरही सांगत नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळांवर तळाशी अजून 'एकूण दर्शक' असा आकडा दिसतो, तेव्हा मी मुद्दाम खालपर्यंत जाऊन तो बघतो. फॉर्म भरायचा राहिला तरी चालेल, आपण एकानं वाढलो, हे समाधान घेऊन बाहेर पडतो.

जिओसिटीज २००९च्या ऑक्टोबरात पाडलं गेलं आणि अथेन्सचं बिऱ्हाड गेलं. थोरल्या पातीचं संकेतस्थळही कधीतरी भाडं न भरल्यानं बंद पडलं. अण्णांनी त्या दिवशी पेढे आणले नाहीत, एवढा संयम त्यांनी दाखवला. १ जुलै २०२३पासून जुन्या ॲनालिटिक्सनं मोजणं थांबवलं आणि नव्या आवृत्तीत हिशेब बदलला. आता एकाच पानावर थांबलेला माणूसही गुंतलेला वाचक धरला जातो. मी ही बातमी घेऊन अण्णांकडे गेलो. ते नव्वदीला टेकलेत, टॅबलेटवर भिंगाशिवाय अक्षर मोठं होतं म्हणून खूश आहेत.

"अण्णा, तुमचं वाचन आता मोजतात. दहा सेकंद पान उघडं ठेवलं की झालं."

"दहा सेकंद?" त्यांनी टॅबलेट खाली ठेवला. "दहा सेकंदांत माझी चष्म्याची डबी उघडत नाही. त्यांना कळव, मी अजून मूळपुरुषापाशीच आहे."