चि. अकरा टक्के यास: जिथे असशील तिथून निघून ये

मुक्काम पोस्ट नेरडीगोंडा,
जिल्हा आदिलाबाद
२६ डिसेंबर २०२५

चि. अकरा टक्के यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, १९ ऑगस्टच्या सकाळी आम्ही उठून बघतो तर तू घरात नाहीस. आदल्या दिवशी दिल्लीत अधिसूचना निघाली होती म्हणे. पूर्वी पेपरात बारीक टायपात जाहिराती यायच्या, ‘जिथे असशील तिथून निघून ये, आई आजारी आहे, कोणी रागावणार नाही.’ वर पळालेल्या मुलाचा फोटो असायचा. टक्क्याचा फोटो कुठून आणायचा? म्हणून हे उघडं पत्र.

ओळख पटावी यासाठी वर्णन देतो. जन्म २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पातला. पाच टक्के मूळ सीमा शुल्क, पाच टक्के शेतीच्या पायाभूत सोयींचा उपकर आणि त्या दहावर दशांश समाजकल्याण अधिभार, असे मिळून अकरा. परदेशी रुई बंदरात उतरली की तिच्या पाठीवर बसायचं, एवढंच तुझं काम. बाहेरची रुई शंभर रुपयांना पडली तर तुझ्यामुळे ती एकशे अकराला जायची, मग गिरणीवाला आमच्या रुईला एकशे आठ, एकशे नऊ द्यायला कुरकुरत का होईना तयार व्हायचा. तू आम्हाला कधी एक रुपया हातात दिला नाहीस. तुझे पैसे सरकारी खजिन्यात जायचे. पण दारात कुत्रं बांधलेलं असलं की चोर जरा विचार करतो, तशातली तुझी गत.

पळून जायची खोड तुला जुनी आहे. २०२२ साली एप्रिल ते ऑक्टोबर तू असाच गायब होतास. तेव्हा आम्ही बोललो नाही, कारण कापसानं क्विंटलला दहा हजारांची पायरी ओलांडली होती आणि सुखात माणूस पोरं मोजत नाही.

या वेळची गोष्ट वेगळी. तुझा एक दांडगा चुलतभाऊ वॉशिंग्टनला राहतो, तिकडे जाणाऱ्या आपल्या मालाच्या पाठीवर बसतो, त्यानं भांडण काढलं. २ एप्रिलला तो सव्वीस टक्के होता. ७ एप्रिलला सेन्सेक्स २,२२६ अंशांनी कोसळला. त्या दिवशी हायवेच्या ढाब्यावर टीव्हीसमोर ट्रक ड्रायव्हर सुद्धा हळहळत होते, आणि त्यांतल्या एकाचाही शेअर नसावा. मग ९ तारखेला तिकडून नव्वद दिवसांची सवलत जाहीर झाली. १२ मेपर्यंत सेन्सेक्स ८२ हजारांच्या वर जाऊन बसला, अंगावरची धूळ झटकून. मला त्याचा हेवा वाटतो. त्याला रोज सकाळी सव्वानऊला नवा जन्म मिळतो. आमचा बाजार वर्षातून एकदाच उघडतो, दसऱ्याच्या आगेमागे, आणि त्या दिवसांत जो भाव लागेल तो वर्षाचा.

ऑगस्टात तो भाऊ आधी पंचवीस झाला, मग रशियाच्या तेलाचं निमित्त काढून पन्नास. ७ ऑगस्टला शेतीशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी सांगितलं की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, त्यासाठी स्वतःला मोठी किंमत मोजावी लागली तरी चालेल. ऐकून ऊर भरून आला. तुला घराबाहेर काढणारी अधिसूचना बरोबर अकराव्या दिवशी निघाली. अकरावा आमच्यात कशासाठी घालतात ते तुला सांगायला नको.

२७ ऑगस्टला घरोघरी गणपती बसले आणि त्याच दिवशी पन्नास टक्के लागू झाले. गणेश चतुर्थीची शेअर बाजाराला सुट्टी होती, म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी सातशे अंशांची रड काढली. त्याच दुसऱ्या दिवशी तुझी रजा ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरवर गेली. म्हणजे पहिली वेचणी, दुसरी वेचणी, काटा, हिशेब, सगळं तुझ्या गैरहजेरीत. रजा मंजूर करणाऱ्यानं पंचांग बघितलं नसेल असं मला वाटत नाही. नीट बघूनच तारीख काढलेली दिसते.

गिरणीवाल्यांचं दुःख खोटं नाही, हेही लिहितो. तिरुपूरचा बनियन अमेरिकेत पन्नास टक्क्यांनी महागला तर तिथला दुकानदार बांगलादेशाकडे वळणार, मग तिरुपूरला सूत स्वस्त हवं, सुतासाठी रुई स्वस्त हवी. साखळी कळते. कळत नाही ते एवढंच की मार खाल्ला शिवलेल्या कपड्यानं आणि मलमाचे पैसे निघाले कापसाच्या बोंडातून. त्यात गंमत अशी की तू गेल्यावर जी रुई बिनशुल्क आत येते त्यात अमेरिकेचीही आहे. ज्यानं थोबाडीत मारली त्याच्याच गाठींना पायघड्या. पाहुणचारात आपण कमी पडत नाही.

आणि भाव पडायला जहाज यावं लागत नाही, हे मी या वर्षी शिकलो. तू गेलास त्या सुमारासच भारतीय कापूस महामंडळानं आपल्या रुईचा विक्रीभाव खंडीमागे ६०० रुपयांनी उतरवला. तेव्हा तुझ्या नावावर सुटलेली गाठ समुद्रातच असणार. बातमी आगगाडीपेक्षा वेगानं धावते हे मुंबईनं १८६५ साली पाहिलंय: अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याची खबर आली, वऱ्हाडच्या कापसाचा सोन्याचा भाव गेला आणि त्या भावावर उभ्या राहिलेल्या बँका आणि शेअर पत्त्यासारखे पडले.

खानदान तुझं मोठं आहे, हो. इथून उत्तरेला पैनगंगा. पलीकडे वऱ्हाड इंग्रजांकडे, अलीकडे आम्ही निजामाच्या मुलखात, आणि मध्ये करोडगिरीचा नाका, निजामाची स्वतःची जकात. एकाच मातीतला, एकाच भाषेतला कापूस नदी ओलांडली की परदेशी. तुझा आणखी एक पूर्वज १८९६चा साडेतीन टक्के. मँचेस्टरच्या कापडाला बरं वाटावं म्हणून तो मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर बसवला आणि जवळजवळ तीस वर्षं उठला नाही. तेव्हा परक्याला सोयीचा कर इथं ठाण मांडून बसायचा, आता आम्हाला सोयीचा असलेला साडेचार महिन्यांच्या रजेवर जातो. प्रगतीच म्हणायची.

आता घरची खबर. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये, मागच्यापेक्षा ५८९नं जास्त. कागदावर तुझी उणीव भासत नाही. पण त्या कागदापर्यंत पोचायला ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी, मग स्लॉट. यंदा एकरी बाराऐवजी सातच क्विंटल घेणार, असाही नियम आला. आणि ओलावा. मराठीत ओलावा म्हणतात, आमच्याकडे सगळे तेलुगूतलं ‘तेमा’च म्हणतात. आठ टक्के तेमा असेल तर पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, बाराच्या वर कापूस परत. ऑक्टोबरअखेर मोंथा चक्रीवादळाचा पाऊस झोडपून गेला, त्यात तेमा आठवर कसा राहणार?

आठ दिवस अंगणात ताडपत्रीवर कापूस पसरला. रात्री दव पडायच्या आत गोळा, सकाळी पुन्हा पसर. सून एकेक बोंड उचलून सरकी दाताखाली धरायची. कट्‌कन फुटली तर वाळला, दबली तर नाही. बुधवारी सरकी कट्‌कन फुटली, पण दातांची पावती कुठल्याच काट्यावर चालत नाही. मुलाच्या फीची तारीख जवळ आली होती, खताच्या दुकानदाराचा माणूस दोनदा येऊन गेला होता. शेवटी जिनिंगवाल्या सेठकडे गाडी नेली. सेठनं मीटर काढलंच नाही. मूठभर कापूस दाबला, नाकाशी नेला, म्हणाला, ‘‘सहा हजार आठशे. बाहेरचा माल येतोय काका, ड्यूटी नाही ना आता.’’ तुझं नाव त्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. निदान कोणी तरी आठवण काढतं.

मधल्या काळात रुपयाही घसरला, याच महिन्यात एका डॉलरला नव्वद झाले. शहाणे म्हणतात त्यानं बाहेरची रुई थोडी महागली, म्हणजे तुझ्या जागी रुपयानंच थोडी राखण केली. केली असेल. पण खतही बाहेरून येतं आणि डिझेलही, ते त्यानं आमच्याकडूनच वसूल केलं.

तुझी रजा पुढच्या बुधवारी संपते. परत आलास तर आनंदच आहे, कोणी रागावणार नाही. फक्त पत्ता बदललाय, तो लिहून घे. हायवेनं येशील तर टोलनाक्यापाशी गाडी थांबवू नकोस, कुंटाल्याच्या धबधब्याचे पाहुणे उतरतात तिथेही नाही, आणि आमच्या घरी तर मुळीच नको. घरात पऱ्हाट्यांच्या मोळ्या आहेत, सून त्या चुलीला लावते. कापूस सगळा सेठच्या गोदामात आहे, गाठी बांधून. तू पाठीवर बसलास की त्याचा भाव चढेल. तेव्हा थेट तिकडेच जा, तो वाट बघतोय.

तुझा,
नेरडीगोंड्याचा कापूसवाला काका

ता. क. चुलतभावाची भेट झाली तर त्याला आमचा नमस्कार सांग. आमचं त्याच्याशी काही भांडण नव्हतं.