येताना चढ आहे

मुंबई ते दुबई हे अंतर आमच्या अण्णांनी दोऱ्याने मोजलं. आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा, नातवाचा शाळेतला नकाशा आणि कोपऱ्यातली मोजपट्टी एवढ्या सामग्रीवर त्यांनी जाहीर केलं, "दोन हजार किलोमीटर." खरं अंतर सुमारे १,९३०. दोरा थोडा सैल पडला असावा. "म्हणजे गुवाहाटीपेक्षा जवळच की!" असं म्हणून त्यांनी आमच्या पहिल्या परदेशवारीतली हवाच काढून घेतली.

आईला किलोमीटरशी देणंघेणं नव्हतं. तिने तिकीट घेतलं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला. जाताना दुपारी साडेचारला निघून सव्वासहाला दुबई. येताना रात्री दहाला निघून दोन पंचवीसला मुंबई.

"जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार? येताना चढ आहे वाटतं."

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, तो दीड तास जाताना गडप होतो आणि येताना वसूल होतो, हे मी तिला ताट-वाटी मांडून समजावलं. प्रत्यक्षात जाताना सव्वातीन तास, येताना तीन तासांना पाच मिनिटं कमी. इथे मी थांबायला हवं होतं.

"मग येताना वीस मिनिटं कमी का?"

जानेवारीचे दिवस होते. हिवाळ्यात विमानं उडतात तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीमागून रेटतो. आईचं माहेर कर्जतचं. पुण्याच्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून इंजिन लागताना बघतच ती मोठी झाली.

"म्हणजे मागून इंजिन लावतात. असं सांग की सरळ!"

म्हणजे चढ आहेच, हे तिच्या लेखी सिद्ध झालं.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोंबिवलीहून विमानतळ दोन तास, तिथे रांगांमध्ये तीन, त्यात चकलीचा डबा दोनदा उघडून दाखवला. दुबईत पंधरा दिवस आईने मनगटावरचं घड्याळ बदललं नाही. तिकडे सात वाजले की तिचे साडेआठ, आणि ताट पुढ्यात हवं. ताईच्या दुबईतल्या घरी आम्ही आईच्या घड्याळाने जेवायचो.

परतीच्या विमानाने वाऱ्याच्या जोरावर चांगली आघाडी घेतली. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे विमानांना एका वेळी एकच असं उतरावं लागतं. आमचं विमान समुद्रावर घिरट्या घालायला लागलं. एक फेरी, दुसरी फेरी. पुढच्या पडद्यावरचं इवलंसं विमान स्वतःचीच शेपटी पकडायला निघाल्यासारखं दिसत होतं. अण्णा त्या रेषेकडे टक लावून बघत होते. दोरा असता तर त्यांनी तीही मोजली असती.

आईने शाल सारखी केली, खिडकीतून खालच्या अंधारात पाहिलं आणि मला कोपराने ढोसलं.

"घाट लागला. आता गाडी हळूच जाणार."