स्टेबल आहे

आमच्या कॉलनीत नवे भाडेकरू आले होते. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून तीन दिवस त्यांच्या कानावर भाऊचं फोनवरचं बोलणं पडत होतं. "रात्री दोनला गेलाच होता." "टेम्परेचर नव्वदच्या वर." "सकाळपासून जरा बरं आहे, पण स्टेबल नाही म्हणता येत." चौथ्या दिवशी नवरा-बायको दोन शहाळी आणि किलोभर सफरचंदं घेऊन दारात उभे. भाऊच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना आत घेतलं, चहा दिला आणि कोपऱ्यात पोट उघडं टाकून पडलेल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "हा आमचा पेशंट."

शहाळी भाऊनेच प्यायली.

भाऊ ओव्हरक्लॉकर आहे. म्हणजे प्रोसेसरवर कंपनीने जो वेग छापून दिलेला असतो, ज्याला ही मंडळी 'स्टॉक' म्हणतात, तो त्याला मान्य नसतो. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. लाखो चिप तयार होतात, त्यांतली मरतुकडीसुद्धा छापलेल्या वेगाने चालली पाहिजे म्हणून कंपनी आकडा हात राखूनच छापते. एखाद्या चिपच्या अंगात मग थोडा दम शिल्लक राहतो. तो शिल्लक दम आपल्या हक्काचा आहे, असं भाऊला मनापासून वाटतं. पाव किलो भेंडी घेतल्यावर मूठभर कोथिंबीर वर टाकायला लावणारी माणसं असतात ना, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की कोथिंबिरीसाठी कोणी रात्रभर जागत नाही आणि कोथिंबीर मागितली म्हणून भेंडी जळत नाही.

ही बाधा त्याला इंजिनिअरिंगला असताना झाली. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. ६६ चा बस, साडेचारचा गुणक, वेग ३०० मेगाहर्ट्झ. कोणीतरी तो बस ६६ वरून १०० वर नेऊन पाहिला आणि तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेने धावायला लागला. तेव्हाचा सगळ्यात वरचा पेंटियम टूसुद्धा साडेचारशेचाच होता आणि किमतीला कितीतरी पट. त्र्याऐंशीच्या वर्ल्ड कपबद्दल आमच्या आधीची पिढी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात भाऊ तीनशे-ए बद्दल बोलतो. "साडेचार गुणिले शंभर," एवढंच म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो.

पुढे एएमडीचा ड्युरॉन आला. त्याच्या पाठीवर काही बारीक पूल तोडलेले असायचे. ते साध्या शिसपेन्सिलीने जोडले की गुणक मोकळा व्हायचा, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते. भाऊने आपल्या कंपासपेटीतली पेन्सिल काढली, टोक केलं आणि जीभ बाहेर काढून, चित्रकलेच्या एलिमेंटरीला बसल्यासारखे ते पूल जोडले. एलिमेंटरीत तो नापास झाला होता. ड्युरॉनमध्ये पास झाला, पण दोनच महिने. पंखा साफ करताना वरचं हीटसिंक त्याने नीट बसवलं नाही, आणि एवढं बटण दाबेपर्यंत त्या ड्युरॉनचा अंत्यविधी उरकला होता. तो काळा चौकोन अजून त्याच्या कपाटात आहे, देवाच्या जुन्या टाकांशेजारी.

आता या छंदासाठी माणसाने कुठे राहावं याला काही धरबंध? भाऊ नागपूरला राहतो. प्रोसेसरवरचा कूलर कितीही भारी घ्या, तो चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. आणि मे महिन्यात खोलीचं तापमान कोणी ठरवायचं? नवतपा लागला की बाहेर पंचेचाळीस, आत चाळीस, आणि आमच्या भाऊचा प्रोसेसर काही न करता नुसता बसल्या बसल्या साठ. म्हणून त्याने दोन प्रोफाइल करून ठेवली आहेत. एकाचं नाव 'नवतपा', दुसऱ्याचं 'हिवाळी अधिवेशन'. अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे, बंदोबस्त आणि थंडी एकदम येतात, आणि भाऊ रात्री खिडक्या सताड उघडून ४.५ गिगाहर्ट्झ गाठतो. घरातली माणसं दोन दोन रजया घेऊन झोपतात. काकू म्हणतात, "विधानसभेचं काम तरी संध्याकाळी संपून राह्यलं ना बाप्पा."

उन्हाळ्यात एकदा त्याने कॅबिनेटची बाजू काढून ते थेट डेझर्ट कूलरसमोर मांडलं. ती जागा आजींची होती. आजींची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि प्रोसेसर वाळ्याच्या वासात तेरा अंश खाली आला. तीन दिवस सगळं थंड होतं, आजी सोडून. चौथ्या दिवशी पंपाने पाण्याचे शिंतोडे उडवले आणि मदरबोर्डने मान टाकली. तो वाळवून पुन्हा चालू केला, हा भाग भाऊ सांगतो. चपातीच्या तव्याजवळ वाळवला, हा भाग वहिनी सांगतात.

व्होल्टेजचं प्रकरण त्याने मला एकदा तर्री पोह्याच्या गाडीवर समजावलं. वेग वाढवला आणि मशीन अडखळलं, तर थोडं व्होल्टेज वाढवायचं. "पोहे कोरडे लागले तर काय करतो तू? तर्री मारतो. तसंच." पण तर्रीचा हिशोब सोपा असतो, पोटाला कळतो. इथे उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते आणि वरून वेगाने गुणायची. वेग दहा टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के चढवलं, तर पदरात दहा टक्के पडतात आणि डोक्यावर तेहतीस. हे गणित भाऊला तोंडपाठ आहे. तोंडपाठ असूनही तो गाडीवाल्याला म्हणाला, "अजून एक पळी टाक."

तुम्ही म्हणाल, एवढा वेग घेऊन तो करतो काय? इथेच खरी गंमत आहे. काही नाही करत. म्हणजे, टेस्ट करतो.

वेग वाढवणं पाच मिनिटांचं काम. तो वाढवलेला वेग टिकतो का हे बघण्यात त्याचं आयुष्य चाललंय. त्यासाठी तो प्राइम९५ नावाचं सॉफ्टवेअर लावतो. मूळ ते मर्सेन प्रकारच्या अवाढव्य मूळ संख्या शोधणाऱ्या मंडळींचं. जॉर्ज वोल्टमन नावाच्या माणसाने १९९६ साली हा उद्योग सुरू केला, आणि जगभरचे लोक आपापले कॉम्प्युटर त्या कामाला देतात. भाऊला मूळ संख्यांशी काही घेणंदेणं नाही. त्यातला छळाचा भाग तेवढा त्याच्या कामाचा : उत्तर आधीच माहीत असलेली गणितं प्रोसेसरला रात्रभर सोडवायला लावायची आणि एक जरी चुकलं तरी धरायचं.

एकदा पहाटे चारला असंच एक चुकलं. पडद्यावर आलं की राउंडिंग ०.४ पेक्षा कमी हवं होतं, ०.५ आलं. भाऊ डोक्याला हात लावून बसला. वहिनी म्हणाल्या, "एवढ्याशा पॉइंटसाठी?" तेवढ्यात भाऊचे वडील, म्हणजे आमचे काका, पाण्याचा तांब्या घ्यायला उठले होते, ते थांबले. काका बँकेत हेड कॅशियर होते. खुर्ची ओढून बसले. "पॉइंट लहान नसतो," म्हणाले. "पाच पैशाचा फरक आला तर आम्ही रात्री अकरापर्यंत बसायचो. पाच पैसे खिशातून टाकून चालत नाही. चूक किती आहे याच्याशी मतलब नाही, चूक आहे याच्याशी मतलब आहे." त्या दिवसापासून घरात भाऊला एक माणूस मिळाला. काकांनी त्याला बँकेची एक जुनी डायरी दिली आणि स्वतः पट्टीने रकाने आखून दिले : वेळ, वेग, व्होल्टेज, तापमान, एरर. दर पंधरा मिनिटांनी नोंद. एररच्या रकान्यात शून्य आलं तरी ते लिहायचं, रिकामं सोडायचं नाही, अशी काकांची सक्त ताकीद.

ग्राफिक्स कार्डची टेस्ट मात्र सगळ्या घराची आवडती. फरमार्क चालू केलं की पडद्यावर एक केसाळ मेदूवडा गरगर फिरायला लागतो. बस्स, एवढंच. प्रत्येक केस मोजून रंगवताना कार्ड घामाघूम होतं. आजी खाटेवरून बघत असतात. वेग फार चढला की वड्यावर रंगीत ठिपके उमटतात, मग चौकोन, मग पडदा काळा. "करपला," आजी म्हणतात. त्यांचं निदान आजवर चुकलेलं नाही.

कार्डाच्या मेमरीचा खोडसाळपणा वेगळा. ती मर्यादेपलीकडे नेली तरी काही वेळा उलथत नाही. चुका होतात, त्या ती आतल्या आत पकडते आणि माहिती पुन्हा पाठवायला लावते. त्यामुळे आकडा वर चढलेला दिसतो आणि मार्क खाली येतात. भाऊच्या पुतण्याचंही बारावीत असंच होतं, पहाटे चारला उठायचा आणि टक्के घसरायचे. पण हे त्याच्या समोर बोलायची सोय नाही.

पेस्ट लावणं हा स्वतंत्र धर्म आहे. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये जी पांढरट मलई लावतात ती वाटाण्याएवढा ठिपका देऊन दाबायची, उभं गंध ओढायचं की आडवं, यावर भाऊचे आणि त्याच्या सीताबर्डीवरच्या एका मित्राचे दोन महिने संबंध तुटले होते. शैव-वैष्णवांनी तरी मध्यस्थी मान्य केली असती.

आणि लाइट. आठ तासांच्या टेस्टचे सात तास चाळीस मिनिटं झाली की लाइट जाणारच. इन्व्हर्टर उचलून धरेपर्यंत मशीन पडलेलं असतं. मग प्रश्न असा पडतो, की ही टेस्ट पास की नापास? चूक तर झाली नव्हती. काकूंनी गुरुचरित्राच्या पारायणाचा दाखला दिला, की मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून. भाऊने तो निर्णय शिरसावंद्य मानून पहिल्यापासून लावली.

फार चढवून मशीन उठेनासं झालं, की मदरबोर्डवरचा बटनासारखा सेल काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा बसवायचा. मशीन सगळं विसरतं. तारीखसुद्धा. एकदा वहिनींना विजेचं बिल भरायचं होतं. ब्राउझर एकही पान उघडेना, तुमचं घड्याळ मागे आहे म्हणून बसला. कॉम्प्युटरच्या मते तेव्हा २००९ साल चालू होतं. वहिनींनी बिल फोनवरून भरलं. त्या फोनचा वेग किती ते त्यांना माहीत नाही, आणि तो कधी पडत नाही याचं भाऊला वाईट वाटतं.

पुतण्याने गेम लावायला मागितला तर "थांब, अजून स्टेबल नाही." आजींच्या पेन्शनचा हयातीचा दाखला काढायचा तर "टेस्ट चालू आहे." चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे एक जुनाट, पान खाऊन रंगलेला कॉम्प्युटर आहे. सगळी कॉलनी, भाऊचं कुटुंब धरून, तिथे जाऊन प्रिंट काढते.

एकदाच त्याने हद्द केली. २०११ मध्ये एएमडीचा एक प्रोसेसर साडेआठ गिगाहर्ट्झच्या जवळ नेऊन लोकांनी विक्रम केला होता. असल्या विक्रमांना चिपवर द्रवरूप नायट्रोजन ओततात, उणे १९६ अंशाचा. हे वाचल्यापासून भाऊ बेचैन. नायट्रोजन कुठे मिळतो याचा शोध घेत घेत तो एका पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचला, कारण गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं.

"गाय की म्हैस?"

"इंटेल," भाऊ म्हणाला.

"ही जात नाही आपल्याकडे," डॉक्टर म्हणाले, "जर्सी आहे."

आता काळ बदलला. हल्लीचे प्रोसेसर आणि कार्डं कारखान्यातूनच स्वतःला ताणून घेऊन येतात. थंड वाटलं तर आपणहून पळतात, तापले तर आपणहून बसतात. भाऊसाठी कोथिंबीर शिल्लकच ठेवलेली नसते. म्हणून गेली काही वर्षं तो उलट्या दिशेने निघालाय : वेग तेवढाच ठेवून व्होल्टेज कमी कमी करत न्यायचं, कार्ड दहा अंश थंड, पंखा शांत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, त्याच सुमाराला त्याने हे सुरू केलं. टेस्ट मात्र तेवढीच. कमी केलेलं टिकतं की नाही, हेही बघावं लागतंच.

गेल्या साली काकांना पेसमेकर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा नातेवाइकांचा घोळका बाहेर उभा होता. डॉक्टर आले. म्हणाले, "काळजी नको. काका स्टेबल आहेत."

बाकीच्यांनी हात जोडले. भाऊने विचारलं, "किती तासांपासून?"

डॉक्टर जरा गडबडले. "काल संध्याकाळपासून. चौदा तास धरा."

"चौदा," भाऊ म्हणाला आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा खाली बसला.

आत गेलो. डॉक्टर काकांना समजावत होते की ठोके मिनिटाला साठच्या खाली जाऊ लागले तर हे मशीन सांभाळून घेईल, आणि सेटिंग बदलायची झाली तर बाहेरूनच बदलता येते. 'सेटिंग' शब्दावर भाऊने मान वर केली. ते काकांनी पाहिलं.

"डॉक्टरसाहेब," काका क्षीण आवाजात म्हणाले, "हा आमचा मुलगा आहे. याला ते दाखवू नका."

"बाबा, स्टॉकवरच ठेवायचं आहे," भाऊ म्हणाला. "हात नाही लावत."

रात्री थांबायला तोच होता. सकाळी मी डबा घेऊन गेलो तर दोघंही झोपलेले. भाऊच्या मांडीवर बँकेची ती डायरी उघडी होती. नवीन पान, पट्टीने आखलेलं. वेळ, ठोके, बीपी, तापमान. दर पंधरा मिनिटांची नोंद, पहाटे पावणेसहापर्यंत. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला शून्य लिहिलेलं होतं, रिकामं एकही सोडलं नव्हतं.